देवघरातल्या लक्ष्मीची किंमत

१. “हे ओरिजिनल आहे का?”

वाईतला वाडा पाडायचं ठरलं आणि भावंडांत वाटणी झाली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंच्या वाट्याला दोन समया, एक शिसवी पाट आणि लक्ष्मीची तसबीर आली. तसबीर देवघराच्या भिंतीवरची. गुलाबी कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. काचेच्या कोपऱ्यांत हळदीकुंकवाचे थर, चौकटीच्या वरच्या पट्टीवर उदबत्तीची काजळी.

काकूंचे थोरले बंधू म्हणत होते, “रविवर्म्याचं आहे, लाखांत जाईल.” काच बदलायला नेली तर दुकानदार म्हणाला, “कॅलेंडरचा कागद आहे हो, चौकटीचेच काय ते पैसे.” एक जण लाख म्हणतो, दुसरा काहीच नाही म्हणतो. काकू तसबीर घेऊन माझ्याकडे आल्या. “अरे, हे ओरिजिनल आहे का? आणि याचे किती येतील?”

महाराष्ट्रातल्या हजारो घरांत आज हेच दोन प्रश्न विचारले जातायत, कारण वाडे पडतायत, चाळी पडतायत आणि भिंतींवरून देव खाली उतरतायत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दुसऱ्याचं उत्तर आधी देता येत नाही. आकड्यापर्यंत पोचायला तीन गोष्टी कळाव्या लागतात: चित्र कोणी रंगवलं, ते कोणी आणि कसं छापलं, आणि छापल्यापासून आजवर त्याच्यावर काय काय गुदरलं.

२. शिवराईचा दाखला

‘ओरिजिनल’ हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरला जातो आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शिवराई आठवा. महाराजांच्या काळापासून तांब्याच्या शिवराया हजारोंनी पाडल्या गेल्या. एका ठशावरून पडलेली नाणी एकमेकांच्या प्रतीच असतात, पण म्हणून त्यातलं कुठलं नाणं खोटं ठरत नाही. खोटी शिवराई म्हणजे अलीकडे साच्यात ओतून, चिंचेच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली. खरी शिवराई ‘एकमेव’ नसते, तरी ती ‘अस्सल’ असते.

छापील देवचित्राचं तसंच आहे. राजा रविवर्म्याने स्वतः ब्रशने तेलरंगात रंगवलेलं चित्र एकमेव. ‘राधा इन द मूनलाइट’ हे त्याचं तैलचित्र २०१६ साली मुंबईतल्या लिलावात २० कोटींच्या वर गेलं, ते या जातीचं. त्या चित्रांवरून त्या काळात दगडावर छापलेल्या प्रती, म्हणजे ओलिओग्राफ, या शिवराईसारख्या: पुष्कळ, पण अस्सल. आणि त्या जुन्या प्रतीचा फोटो काढून काल-परवा छापलेला कागद ही तिसरी जात. रविवर्मा १९०६ साली वारला. त्याच्या चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, त्यामुळे ही तिसरी जात कोणीही कायदेशीरपणे छापू शकतो आणि पुष्कळ जण छापतात. फसवणूक होते ती तिसरी जात दुसरी म्हणून विकल्यावर.

तेव्हा काकूंचे बंधू आणि दुकानदार दोघेही चुकत होते. बंधूंच्या मनात पहिली जात होती, दुकानदाराच्या मनात तिसरी. मधली जात दोघांच्या ध्यानात नव्हती, आणि वाड्यांतून निघणाऱ्या बहुतेक जुन्या तसबिरी नेमक्या त्या मधल्या जातीच्या असतात.

३. राजवाड्यातून माजघरात

हे कागद घरोघर कसे पोचले, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण किमतीचा धागा तिथेच आहे.

रविवर्म्याचा जन्म १८४८ सालचा, केरळातल्या किळिमानूरचा. सयाजीराव गायकवाडांनी १८८८च्या सुमारास त्याला बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं काढायला सांगितली. बडोद्याला पाठवण्याआधी ती लोकांना दाखवली, तेव्हा बघायला झुंबड उडाली. राजासाठी काढलेल्या चित्रांना सामान्य माणूस हात जोडत होता.

ही मागणी एका माणसाने आधीच ओळखली होती: सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठी भाषक घराण्यातले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. तुझ्या चित्रांना इतकी मागणी आहे की तुझे दोन हात पुरायचे नाहीत, काही चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घे, असं त्यांनी रविवर्म्याला १८८४ सालीच सुचवलं होतं. रविवर्म्याने युरोपात पाठवण्याऐवजी छापखानाच इथे आणला. १८९४ साली मुंबईत गिरगावात, धाकटा भाऊ राजा राजवर्मा याच्यासह, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून त्याने प्रेस काढला. ‘शकुंतलाजन्म’ हे त्या प्रेसचं पहिलं चित्र. त्यानंतर मुंबईत प्लेग आला, आणि १८९९च्या सुमारास प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. आर्थिक ओढाताण सोसवेना, म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट. प्रेस पुढे अनेक दशकं चालला. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी काही काळ इथेच काम केलं. चित्रकार रावबहादूर धुरंधरांची चित्रंही इथे छापली गेली. १९७२ साली लागलेल्या आगीत प्रेस बहुतेक जळून गेला.

म्हणजे ‘रविवर्मा प्रेस’चं चित्र हे रविवर्म्याचंच असतं असं नाही, आणि रविवर्म्याच्या हयातीतलं तर क्वचितच असतं. शिवाय देवांची चित्रं छापणारा हा काही एकटा छापखाना नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांची पुण्यातली चित्रशाळा १८७८ची, म्हणजे रविवर्म्याच्या प्रेसच्या सोळा वर्षं आधीची. तिथलं रामपंचायतन घराघरांत होतं. घरातली जुनी तसबीर चित्रशाळेची निघाली तर हिरमुसू नका, तिचा मान वेगळा आहे.

गाभाऱ्याची पायरी चढायची ज्यांना बंदी होती, त्यांच्या घरात या कागदांमुळे देवी समोरासमोर आली. मला या चित्रांचं सर्वांत मोठं मोल इथे वाटतं, आणि ते कुठल्याही मूल्यांकनाच्या कागदावर लिहिलं जात नाही.

४. दगड, तेल आणि पाणी

आता छपाई. ती समजली की पुढची परीक्षा सोपी होते.

शाळेतली पाटी आठवा. तेलकट हाताने धरली की तेवढ्या भागावर पेन्सिल उमटत नसे आणि पाण्याचा बोळा फिरवला तरी तिथे पाणी ठरत नसे. शिळाछपाई याच गोष्टीवर चालते. बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधली. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने चित्र काढायचं. लादी ओली करायची. कोऱ्या भागावर पाणी धरतं, खडूच्या रेघांवर धरत नाही. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना लागते. वर कागद ठेवून दाबला की चित्र उतरतं.

ही झाली एका रंगाची छपाई. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पिवळ्याचा दगड, फिक्या गुलाबीचा, तांबड्याचा, निळ्याचा, तपकिरीचा, असे दहा-बारा दगड, एखाद्या चित्राला त्याहूनही जास्त. रांगोळीच्या छाप्यांनी गालिचा घालताना एका रंगाचा छापा उचलून दुसरा नेमका त्याच जागी ठेवावा लागतो, केसभर सरकला तर पाकळी देठावर चढते. इथेही तेच. एकच कागद दहा-बारा वेळा यंत्राखालून जायचा. शेवटी वर रोगण, आणि कित्येकदा कापडाच्या विणीचा दाब, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. ‘ओलिओ’ म्हणजे तेल. तेलचित्राचा भास देणारा छाप तो ओलिओग्राफ.

यातली मोलाची गोष्ट अशी की प्रत्येक दगडावरचं चित्र माणूस हाताने काढत असे. लक्ष्मीच्या गालावरचा गुलाबी किती आणि तपकिरी किती, हे मूळ चित्राकडे बघून एक कारागीर ठरवायचा आणि ते रंग वेगवेगळ्या दगडांवर ठिपक्याठिपक्याने उतरवायचा. त्या कारागिरांची नावं चित्रांवर नाहीत.

५. भिंगाखाली

आता मूल्यांकनातली सर्वांत उपयोगी परीक्षा, आणि तिला लागतं फक्त दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफाकडे असतं तसलं, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. खिडकीजवळ बसा, शक्य असेल तर काच काढलेली असू द्या, आणि देवीच्या गालावर भिंग ठेवा. गालच का? कारण तिथे रंग हलके असतात, आणि हलक्या रंगातच छपाईचं बिंग दिसतं.

ऑफसेटवर छापलेलं असेल तर ठिपके ओळीत दिसतील. निळसर, गुलाबी, पिवळे, काळे, ठरावीक अंतरावर, आणि मिळून बारीक बारीक फुलांसारखी नक्षी झालेली. वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर भिंग धरून एकदा बघून घ्या, ही नक्षी विसरणार नाही. कॉम्प्युटरच्या प्रिंटरवरून काढलेली प्रत असेल तर ठिपके ओळीत नसतात, पण अतिबारीक आणि सारख्या आकाराचे असतात, पिचकारीने फवारल्यासारखे.

शिळाछपाईत यातलं काहीच नाही. आपल्या घरातलंच उदाहरण देतो. ठिपक्यांची रांगोळी काढताना उदबत्तीने भोकं पाडलेला कागद जमिनीवर ठेवतात, रांगोळी पसरतात, आणि ठिपके शिस्तीत उमटतात. ते ऑफसेट. आणि आजी चिमटीत रांगोळी घेऊन हाताने पाकळी भरायची, कुठे दाट, कुठे विरळ. ती शिळाछपाई. भिंगाखाली ठिपके लहानमोठे दिसतात, कुठे एकमेकांवर चढलेले, कुठे खडूच्या खरखरीत ओरखड्यासारखे. रंग पाच-सहा नव्हे तर कितीतरी निघतात, आणि ते थर देऊन बसलेले असतात.

काकूंच्या लक्ष्मीच्या गालावर मी भिंग ठेवलं तेव्हा आधी फिका पिवळसर थर दिसला, त्यावर गुलाबी ठिपके, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि हनुवटीच्या छायेत तपकिरी. खालच्या ओठाचा तांबडा रंग ओठाच्या रेषेबाहेर जेमतेम केसभर आलेला. बारा वेळा यंत्राखालून गेलेल्या कागदाची ही खूण. काकूंना भिंग दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे तर कशिद्यासारखं आहे.” मला त्याहून चांगलं वर्णन सुचलेलं नाही.

याच भिंगाने आणखी तीन गोष्टी बघाव्यात.

सही. कोपऱ्यात रविवर्म्याची सही दिसली की माणसं हरखतात. सही मूळ चित्रावर होती म्हणून ती छापातही उतरते. भिंगाखाली सहीसुद्धा त्याच ठिपक्यांची आणि थरांची बनलेली दिसली, तर ती चित्राचा भाग आहे, हाताने केलेली सही नव्हे.

कॅनव्हास. कापडावर आहे म्हणून हाताने रंगवलेलं, ही समजूत सोडून द्या. जुन्या ओलिओग्राफवर विणीचा दाब देत, आणि आज तर कॉम्प्युटरवरून सरळ कॅनव्हासवर छापतात, वर पारदर्शक लुकणाचे फटकारेही मारतात. खऱ्या ब्रशचा फटकारा पदराच्या चुणीबरोबर वळतो. नंतर मारलेलं लुकण पदर, हात, आकाश सगळ्यांवरून एकाच दिशेने जातं.

डाग. जुन्या प्रतीचा फोटो काढून नवी छापली की जुन्या प्रतीवरचे डागही छापले जातात. पिवळट डागावर भिंग ठेवा. डाग जर फुलांच्या नक्षीचा बनलेला असेल, तर तो डाग वाड्यातल्या ओलीचा नाही, छापखान्यातला आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. ओळीतले ठिपके दिसले म्हणजे चित्र कालचंच, असंही नाही. दगड मागे पडून फोटोच्या मदतीने छपाई सुरू झाली, त्यालाही आता बरीच दशकं लोटली आहेत. १९५०च्या आगेमागे छापलेलं देवचित्र ऑफसेटचं असू शकतं. तिथे कागद बघावा लागतो. दुकानदार नोटा तपासायला जो निळा दिवा वापरतात, तो अंधारात कागदाच्या पाठीवर धरा. गेल्या सत्तर-एक वर्षांतल्या पुष्कळ कागदांत शुभ्रता आणणारी द्रव्यं असतात आणि तो कागद निळसर पांढरा चमकतो. त्याआधीचा कागद मंद, पिवळट राहतो.

६. पाठ वाचावी

चित्राची पुढची बाजू देवाची, मागची इतिहासाची. तसबीर पालथी घाला.

चौकट सागवानी आणि जुनी असणं ही चांगली खूण, पण पुरावा नव्हे. जुन्या चौकटीत नवं चित्र बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. बघायचं ते हे की चौकट आणि चित्र इतकी वर्षं बरोबर होती का. मागे फळ्या असतील तर त्यांच्या फटींच्या रेघा चित्राच्या पाठीवर उमटलेल्या असतात, कारण लाकडातलं आम्ल कागद करपवतं आणि फट असेल तिथे परिणाम वेगळा दिसतो. फटी आणि रेघा जुळल्या तर जोडी जुनी. खिळे एकदाच ठोकलेले आहेत की शेजारी रिकामी भोकं आहेत, तेही बघा. जुनी काच तिरक्या उजेडात लहरते, तिच्यात एखादा बुडबुडा असतो.

काकूंच्या तसबिरीच्या फळ्यांवर धूळ येऊ नये म्हणून वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवलेल्या होत्या. एका पट्टीवर १९३४ साल होतं. यावरून काय ठरतं? एवढंच की चौकट १९३४ च्या आधी बंद झालेली नाही. चित्र त्याच वर्षीचं असेल, किंवा आधीची काही वर्षं कुठे गुंडाळून ठेवलेलं असेल.

मग खालची कड. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव असतं. पुष्कळदा ही ओळ चौकटीच्या खाचेत दडलेली असते, म्हणून चित्र बाहेर काढल्याशिवाय ‘नाव नाही’ असं म्हणू नये. छापखान्याच्या पत्त्यावरून काळ कळतो. पत्ता मुंबईचा की कार्ला-लोणावळ्याचा? प्रेस मळवलीला गेला १८९९च्या सुमारास, तेव्हा कार्ला-लोणावळा लिहिलेलं चित्र त्याआधीचं असूच शकत नाही. मुंबईचा पत्ता दिसला म्हणून मात्र ते गिरगावातल्या पाच वर्षांतलं, असं लगेच म्हणू नका. मोतीबाजारातले अनंत शिवाजी देसाई यांच्यासारखे विक्रेते-प्रकाशकही चित्रांवर आपलं नाव घालत.

शेवटी माप. साधारण २० बाय १४ इंच आणि त्याच्या निम्मं, १४ बाय १० इंच, ही या चित्रांची नेहमी आढळणारी मापं. काही वेगळंच माप निघालं तर कड कापली आहे का, ते बघा.

७. जर आणि टिकल्या

काही तसबिरींत लक्ष्मीला खरी साडी नेसवलेली असते. छापील चित्रावर रेशमाचा तुकडा, काठाला जर, मुकुटावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी. हे काम घरातल्या बायका दुपारच्या वेळी करायच्या, आणि काही ठिकाणी कारागीरही करून विकायचे. पूर्वी मूल्यांकन करणारे याला चित्राची खराबी समजत. आता उलट आहे. त्याच दगडांवरून निघालेल्या हजार प्रतींपैकी ही एक प्रत या कामामुळे एकमेव होते, आणि जुनं, नेटकं जरीकाम असलेल्या चित्राला साध्या प्रतीपेक्षा बहुधा चांगला भाव येतो. काम जुनं आहे का, हे बघायला जरीचा रंग बघा. जुन्या जरीचा धातू काळवंडतो, प्लॅस्टिकची जर चमकत राहते.

८. चित्राचं दुखणं

छापील चित्राची किंमत सर्वांत जास्त कशाने उतरत असेल, तर त्याच्या हालांनी. ओल, वाळवी, कसर, उन्हाने उडालेले रंग, काचेला चिकटून बसलेला कागद. आणि माणसाचा चांगला हेतू.

आमच्या घरी दत्ताची तसबीर होती. वडिलांनी फुटलेली काच बदलायला ती एका दुकानात दिली. चार दिवसांनी परत आली ती लॅमिनेट करून, नव्या चौकटीच्या मापात कापून. खालची छापखान्याच्या नावाची ओळ कातरीत गेली होती. दुकानदाराने आपुलकीनेच केलं होतं, जास्तीचे पैसेही घेतले नाहीत. पण लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने कागदात मुरतो, आणि ते प्लॅस्टिक सोलायला गेलं तर रंग घेऊन निघतं. ते चित्र आता दुरुस्त होणार नाही, आणि ती ओळ काय होती हे आम्हाला कधी कळणार नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो: जुनं चित्र लॅमिनेट करू नका.

ओल्या फडक्याने पुसू नका. काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, काचेसकट राहू द्या. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. मागच्या लाकडी फळ्या आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित जाड कागद घालायला सांगा. काम मोठं असेल तर कागदाच्या संवर्धनातल्या जाणकाराकडेच जा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते.

९. आता आकडा

सोनं विकायला गेलं की एक भाव, घ्यायला गेलं की दुसरा. मजुरी धरत नाहीत, घट धरतात. चित्राचंही तसंच. तुम्ही विकाल तेव्हा हातात येणारी रक्कम वेगळी, आणि तसंच चित्र दुकानातून आणायला पडणारी वेगळी, दुसरी बरीच जास्त. विमा उतरवायचा असेल तर दुसरी धरा. भावंडांत वाटणी करायची असेल तर पहिली धरा, नाहीतर ज्याच्याकडे तसबीर गेली त्याच्यावर अन्याय होतो.

एक हिशेब मांडून बघू. यातले आकडे बाजारातले नाहीत, विचार कसा करायचा एवढंच दाखवायला घेतले आहेत. त्याच दगडांवरून निघालेल्या दोन लक्ष्मी. पहिली निर्दोष, चारी कडा शाबूत, प्रेसचं नाव आहे. तिला १०० गुण देऊ. दुसरीची खालची कड कापली, २५ गेले. आकाशात ओलीचा डाग, १० गेले. गालावर तेवढाच डाग असता तर मात्र ४० गेले असते, कारण भक्त असो की संग्राहक, दोघेही आधी चेहऱ्याकडे बघतात. म्हणजे दुसरीला उरले ६५. ती लॅमिनेट केलेली असती तर १० सुद्धा उरले नसते.

याखेरीज विषय. लक्ष्मी आणि सरस्वती सर्वाधिक घरांत गेल्या, म्हणून त्यांना मागणी जास्त आणि त्या मिळतातही जास्त. कमी छापला गेलेला एखादा पौराणिक प्रसंग चांगल्या स्थितीत असेल तर तो त्यांच्या पुढे जाऊ शकतो.

भाव शोधताना एक भेद कायम लक्षात असू द्या: मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत. इंटरनेटवर कोणी आपल्या तसबिरीचे पाच लाख मागतो, म्हणजे कोणी दिले असं नाही. लिलावसंस्था झालेल्या विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात, ते बघा, आणि त्याच प्रेसची, त्याच मापाची, तशाच स्थितीतली प्रत शोधून ताडा. ज्याला चित्र विकत घ्यायचं आहे, त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नका. फी देऊन दुसऱ्या कोणाकडून लेखी घ्या.

आणि परदेशात न्यायचं असेल तर आधी थांबा. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षं वा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्याची मूळ चित्रं तर १९७९पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत, ती या देशातच राहणार. काकूंचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याला लक्ष्मी तिथल्या देवघरात हवी होती. छाप असला तरी वयाचा प्रश्न उरतोच, म्हणून बॅगेत भरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळतो का, ते बघायला मी सांगितलं.

१०. काकूंची लक्ष्मी

चित्र चौकटीतून बाहेर काढलं तेव्हा खाचेत दडलेली ओळ दिसली: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. काकूंना मी कागदावर लिहून दिलं ते असं. शिळाछपाईचा रंगीत ओलिओग्राफ. १८९९ नंतरचा, चौकट १९३४ किंवा त्यानंतर बंद केलेली. २० बाय १४ इंच, कडा शाबूत. पाठीवर फळ्यांच्या रेघा, वरच्या डाव्या कोपऱ्यात ओलीचा डाग, चेहरा स्वच्छ. रविवर्म्याने हाताने रंगवलेलं चित्र नव्हे. कॅलेंडरचा कागदही नव्हे. त्या काळची अस्सल प्रत, मध्यम ते चांगल्या स्थितीतली.

लाख येणार नाहीत हे ऐकून बंधू थोडे नाराज झाले. काकूंनी विचारलं ते वेगळंच. “ती १९३४ची पट्टी पुन्हा चिकटवता येईल का रे?” येईल म्हटलं.

तुमच्या घरातला असा देव भिंतीवरून उतरेल तेव्हा आधी पुढून आणि मागून फोटो काढा. फळ्या, पट्ट्या, चिठ्ठ्या काही फेकू नका. आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस अजून सांगू शकतंय तोवर, ती तसबीर कोणी, कुठून आणि कुठल्या साली आणली, हे विचारून पेन्सिलीने एका कागदावर लिहा आणि तो कागद चौकटीच्या पाठीशी ठेवा.